मतदार कोण : व्यक्ती की गाव? ‘भरघोस मतदाना’ची एक चिकित्सा

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची भाषा ठरलेली असते. ‘भरघोस मतदान’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘लोकशाहीचा उत्सव’. गावठाणातून सकाळी सातला रांग लागली की ती जागृती ठरते. बौद्ध मोहल्ल्यातून किंवा मुस्लिम वस्तीतून तशीच रांग लागली की ते ‘एकगठ्ठा मतदान’ होते. यंत्र तेच, बोटावरची शाई तीच, उन्हात उभे राहणेही तेच. नाव मात्र जात पाहून बदलते. ज्या समीक्षेला शब्दांच्या पाठीमागची व्यवस्था उकलायची आहे, तिने या दोन नावांपासून सुरुवात करावी असे मला वाटते.

‘व्होट बँक’ हा शब्द घ्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडील एका खेड्यावरच्या १९५५ सालच्या लेखात तो वापरला, तेव्हा त्यांच्यापुढे होता गावचा बडा जमीनदार आणि त्याच्या शब्दावर चालणारी कुळे, गडी, कर्जदार. त्या पेढीचा मालक सवर्ण होता आणि मते त्याच्या आश्रितांची होती. पुढच्या काळात हा शब्द असा काही फिरवला गेला की पेढीचा मालक चित्रातून नाहीसा झाला आणि आश्रितच तेवढे ‘बँक’ म्हणून हिणवले जाऊ लागले. आज कोणी कुणबी, तेली, मराठा किंवा ब्राह्मण मतांना ‘बँक’ म्हटले, तर तो अपमान समजला जाईल. आपल्याबाबतीत ती बातमी असते.

हे झाले प्रस्थापितांच्या भाषेविषयी. त्यावर टीका करणे सोपे आहे आणि आपण ती करतोही. प्रश्न आपल्या भाषेचाही आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेसाठी सुमारे ६६ टक्के मतदान झाले. १९९५ नंतरचे हे सर्वांत मोठे मतदान. १९९५ मध्ये टक्का ७१ च्या वर गेला होता आणि शिवसेना-भाजप युती पहिल्यांदा सत्तेवर आली होती. २०२४ मध्येही सत्ता महायुतीकडेच राहिली. आमच्या समुद्रपूर तालुक्याचा समावेश असलेल्या हिंगणघाट मतदारसंघात भाजपचे समीर कुणावार सलग तिसऱ्यांदा निवडून आले. निकालानंतर आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांत, व्याख्यानांत, चहाच्या टपरीवर एकच विवेचन ऐकू येत होते. लोक पंधराशे रुपयांना विकले गेले, लोक अंधभक्त आहेत, लोक अडाणी आहेत.

ही चिकित्सा नव्हे, हा त्रागा आहे. आणि या त्राग्याचे शब्द कोणाचे आहेत? १९५२ पासून आपल्या मतदाराविषयी सवर्ण मध्यमवर्ग हेच बोलत आला आहे की यांना काय कळते, दारूच्या बाटलीवर मत देतात, पुढारी सांगेल तिकडे जातात. तोच कोट आता आपण उलटा करून दुसऱ्याच्या अंगावर घालतो. शिवाय हे विवेचन वस्तुस्थितीलाही धरून नाही. ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांच्याही खात्यात आले. त्या विकल्या गेल्या असे आपण म्हणत नाही, मग कुणबी बाई विकली गेली असे कोणत्या पुराव्याने म्हणतो? आणि त्याच वर्षी २६ एप्रिलला वर्धा लोकसभेसाठी जवळपास ६५ टक्के मतदान झाले, तेव्हा भाजपचे रामदास तडस हरले आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे अमर काळे निवडून आले. तेव्हा आपणच ‘संविधान वाचवायला जनता बाहेर पडली’ असे लिहिले होते. त्याच गावांतली तीच जनता सात महिन्यांत जागृतीतून अडाणीपणात गेली काय? टक्का स्वतः काहीच बोलत नाही. आपल्याला हवे ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

मग विचारायचे काय? टक्का किती, हा प्रश्न दुय्यम आहे. मतदान केंद्रापर्यंत माणसाला कोणी आणले आणि तो तिथे कोण म्हणून उभा राहिला, हे विचारले पाहिजे. परंपरानिष्ठ समूह असे मी म्हणतो तेव्हा एखादा पक्ष माझ्या मनात नाही. ज्या समूहात जातीची उतरंड, देवधर्म आणि गावच्या चार शहाण्यांचा शब्द या गोष्टी चर्चेच्या पलीकडच्या मानल्या जातात, तो समूह. आमच्या भागात तो मुख्यतः शेतकरी बहुजनांचाच आहे, आणि याच कारणाने त्याला ‘शेटजी-भटजी’ या जुन्या सूत्रात बसवून मोकळे होता येत नाही.

या समूहाचे मतदान मतदानाच्या दिवशी घडत नाही. ते वर्षभर घडत असते. समुद्रपूर तालुक्यातले कोणतेही मध्यम आकाराचे गाव घ्या. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आहे, भजनी मंडळ आहे, गजानन महाराजांच्या पोथीचे पारायण आहे, भागवत सप्ताह आहे, दुर्गा उत्सव मंडळ आहे, संक्रांतीचे हळदीकुंकू आहे, सेवा सहकारी सोसायटी आहे, दूध संकलन आहे, बचत गट आहेत. यातली बहुतेक ठिकाणे राजकीय नाहीत, आणि ती तशी आहेत असा माझा आरोपही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाला एखाद्या पक्षाच्या दावणीला बांधणे हा अन्याय होईल. ‘ग्रामगीते’ने मताच्या पावित्र्याविषयी गावाला केलेला उपदेश जात न पाहता केलेला आहे. परंतु माणसे रोज एकत्र बसण्याची, एकमेकांच्या घरचे आजारपण माहीत असण्याची, कोण गैरहजर आहे हे लक्षात येण्याची जी सवय या जागांतून तयार होते, ती निवडणुकीच्या दिवशी आयती हाताशी येते. ज्या पक्षाची माणसे या जागांत बसतात, तिचा लाभ त्याला मिळतो. आपली माणसे तिथे नसतात. काही ठिकाणी त्यांना बसू दिले जात नाही, काही ठिकाणी आपणच उठून आलो आहोत. ते उठून येणे योग्यच होते. पण त्याची किंमत कोणत्या खात्यात पडली, ते तरी पाहिले पाहिजे.

या सवयीवर जाणीवपूर्वक काम करणारी संघटना आमच्या शेजारीच जन्मली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ मध्ये नागपुरात स्थापन झाला आणि १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला भरलेल्या त्याच्या शिबिराला गांधीजींनी भेट दिली होती. २०१३ च्या विजयादशमीच्या भाषणात सरसंघचालक मोहन भागवत यांनी शंभर टक्के मतदानाचे आवाहन केले. आपल्यापैकी पुष्कळांना त्यात काही खटकले नाही. मतदान करा म्हणणे वाईट कसे असेल? पुढे ‘पन्ना प्रमुख’ आला. मतदार यादीचे एक पान, त्यावरची तीसेक नावे आणि त्या नावांसाठी जबाबदार असा एक कार्यकर्ता. दुपारी बारापर्यंत पानावरची कोणती नावे आली नाहीत हे त्याला माहीत असते, आणि त्या घरापुढे मोटारसायकल उभी राहते. यात जादू नाही, पैसाही पहिल्यांदा येत नाही. यात वेळ आहे, यादी आहे आणि ओळख आहे.

अमेरिकेचा दाखला इथे उपयोगी पडेल. पँथरच्या काळापासून आपण तिकडच्या काळ्या बांधवांकडे पाहत आलो आहोत. तिथल्या सनातन्यांनी १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभारली आणि चर्चमधून मतदार नोंदणी सुरू केली. त्याच वर्तुळातले पॉल वेरिक यांनी १९८० मध्ये डल्लासच्या सभेत उघड सांगितले की सगळ्यांनी मतदान करावे असे आपल्याला वाटत नाही. मतदार जितके कमी, तितका आपला जोर अधिक. म्हणजे आपले लोक केंद्रावर आणायचे आणि इतरांना दूर ठेवायचे. इथे मात्र शंभर टक्क्यांची हाक दिली जाते. इथला सनातनी अधिक उदार आहे म्हणून हे घडते काय? मला तसे वाटत नाही. इथे त्याला मतदार दूर ठेवण्याची गरज कमी भासते, कारण मतदार गावात राहतो आणि गाव त्याच्या ताब्यात आहे.

इथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते आपण वारंवार उद्धृत करतो. त्याच विवेचनाचा शेवट तितकासा उद्धृत होत नाही. मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हा घटक मानला याचा आनंद वाटतो, असे त्यांनी सांगितले होते. हे वाक्य कोणाला उत्तर होते? ते फार दूरच्या कोणाला नव्हते. १९४६ मध्ये ‘गांधीवादी संविधाना’चा एक आराखडा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला होता. त्याचे लेखक श्रीमन्नारायण अग्रवाल वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि प्रस्तावना गांधीजींची होती. त्या आराखड्यात प्रौढांनी थेट मत द्यायचे ते गावच्या पंचायतीसाठी. वरच्या सगळ्या पायऱ्या खालच्या पंचायतींनी अप्रत्यक्ष निवडायच्या. म्हणजे दिल्लीपर्यंत पोचेल ते गावाचे मत, गावातल्या म्हाराचे नव्हे. पुढे पवनारहून विनोबांनी सर्वानुमतीचा आग्रह धरला, तोही याच वाटेवरचा. बहुमत-अल्पमत हा भेदच नको, गाव एकमताने बोलू दे. या माणसांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण ज्या गावात विहीर एक नव्हती, तिथे मत एक कसे असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

घटनेने तो आराखडा नाकारला आणि समुद्रपूरच्या वावरात राबणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात स्वतंत्र मत दिले. ही आपल्याला मिळालेली भीक नव्हती. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे जे मांडले, त्यामागे मताधिकार हा शिक्षण किंवा मालमत्ता यांवर अवलंबून नसावा ही भूमिका क्रमाने पक्की होत गेली. कायद्याच्या पुस्तकात व्यक्ती जिंकली. मात्र ‘भरघोस मतदान’ नावाची जी गोष्ट परंपरानिष्ठ समूहांत दिसते, ती बऱ्याच अंशी गावाने व्यक्तीकडून मत परत घेण्याची क्रिया आहे. कायदा न बदलता, कोणावर काठी न उगारता.

याचा पुरावा मागणाऱ्यांनी वरची निवडणूक आणि खालची निवडणूक शेजारी ठेवून पाहावी. लोकसभेला, विधानसभेला ज्या गावातून सत्तर-पंच्याहत्तर टक्के मतदान होते, त्याच गावाला ग्रामपंचायतीच्या वेळी ‘बिनविरोध’ची आस लागलेली असते. गावात वाद नको, भाऊबंदकी नको, खर्च नको. सरपंचपद खुले असले की पॅनेल पडतात, गुलाल उधळतो. ते अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाले की गावाला एकाएकी ऐक्याची आठवण येते. कोणाच्या वावरात कामाला जाणारी आणि न बोलणारी बाई आहे, ते शोधले जाते आणि गाव बिनविरोध होते. हे सगळीकडे असेच घडते असे मी म्हणत नाही. पण हे वाचताना ज्याला आपल्या तालुक्यातले एकही गाव आठवणार नाही, असा वाचक विरळा असेल.

बिनविरोधची बोली पैशांतही लागते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. लिलावाची रक्कम मंदिराच्या कामाला लागणार, म्हणून गावाला त्यात काही गैर वाटत नव्हते. त्याच हंगामात राज्यातल्या काही आमदारांनी बिनविरोध गावांना विकासनिधी जाहीर केला होता. गुजरातने तर ही गोष्ट सरकारी धोरण म्हणून स्वीकारली. बिनविरोध पंचायतींना बक्षीस देणारी ‘समरस’ योजना तिथे २००१ पासून आहे. आणि त्याच गुजरातच्या विधानसभेने २००९ मध्ये स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक मंजूर केले. त्याला २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने सक्तीला स्थगिती दिली. एकाच राज्यात, एकाच पातळीवरच्या निवडणुकीत, मत दिले नाही तर दंड आणि मतदानच होऊ दिले नाही तर बक्षीस! वरवर हा विरोधाभास दिसतो. गाव हाच घटक धरला की विरोधाभास उरत नाही. गावाने एक म्हणून वागावे एवढीच अपेक्षा आहे, मग ते शंभर टक्क्यांनी असो की शून्य टक्क्यांनी. १९८३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सामाजिक समरसता मंचाने ‘समता’ या शब्दाच्या जागी जो शब्द ठेवला, तोच या योजनेच्या नावात आहे, हा योगायोग असेलही.

तामिळनाडूत हे शून्य टक्के नग्न रूपात दिसले. मदुरै जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नट्टारमंगलम या पंचायती १९९६ मध्ये दलितांसाठी राखीव झाल्या आणि प्रबळ जातीने २००६ पर्यंत तिथे निवडणूक धड होऊ दिली नाही. जवळच्या मेलवळवूत निवडून आलेल्या दलित अध्यक्षाचा, मुरुगेसन यांचा, १९९७ मध्ये साथीदारांसह खून झाला. ही गावे लोकसभेच्या मतदानावर बहिष्कार घालणारी नव्हती. आमच्याकडे तलवार निघत नाही. आमच्याकडे गोड बोलून काम होते.

आता मतदानाच्या दिवसाकडे वळू. आपल्या विवेचनात हा दिवस कधी येतच नाही. २० नोव्हेंबर हा विदर्भात कापूस वेचणीचा भर. वेचणीची मजुरी किलोवर असते. जितका कापूस गाठोड्यात, तितका पैसा. सकाळी दव सुकले की बाया वावरात पोचलेल्या असतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे आणि रोजंदारीवरच्या माणसाचाही त्यात उल्लेख आहे. मात्र कायद्याची भाषा उद्योग, व्यापार, आस्थापना यांची. किलोवर वेचणाऱ्या बाईला सुटीचे किती किलो द्यायचे, हे कोणत्या परिपत्रकात लिहिले आहे? तेव्हा तिने मत कधी द्यायचे, हे वावराचा मालक ठरवतो. तो सकाळी म्हणाला की आधी मत द्या मग या, तर त्या सातच्या रांगेत उभ्या राहतात. तो काही बोलला नाही तर सायंकाळी पाचला धावत येतात किंवा येत नाहीत. मालकाला जेव्हा मतदान वाढवायचे असते, तेव्हा तो ट्रॅक्टरची ट्रॉलीही देतो. त्या दिवशीच्या टक्केवारीत तिचे मत एक आकडा म्हणून मिळते, आणि ते ट्रॉलीतून आले की पायी आले, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे की केंद्राध्यक्षाला दर दोन तासांनी पुरुष किती, स्त्रिया किती, हा आकडा वर कळवावा लागतो. बाकीचे सगळे त्या आकड्यात विरघळते.

पण मत गुप्त असते, असे कोणी म्हणेल. बटण दाबताना ते गुप्त असते. मोजताना ते तितके गुप्त राहत नाही. मतदान यंत्र केंद्रनिहाय उघडले जाते आणि निकालाच्या नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचे आकडे छापले जातात. लहान गावात केंद्र एक, मतदार सात-आठशे. बौद्धांची घरे किती, मते किती, हे गावाला तोंडपाठ. कोणत्या उमेदवाराला किती पडली, यावरून मोहल्ल्याने काय केले याचा हिशेब पाच मिनिटांत लागतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद नियमांत होती. यंत्रे आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे ‘टोटलायझर’ हे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. यावर आपल्या किती संघटनांनी मोर्चा काढला? यंत्रात फेरफार होते की नाही यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. यंत्र प्रामाणिक असतानाही ते आपल्या मोहल्ल्याचे मत गावाला सांगून टाकते, हा प्रश्न मात्र आपल्या ठरावांत दिसत नाही. रोजगार हमीचे काम, घरकुलाची यादी, पांदण रस्ता, पाण्याची टाकी कोणत्या टोकाला, या सगळ्यांशी या नमुना २० चा संबंध असतो. गाव एवढे भरभरून मतदान का करते, याचे एक उत्तर हेही आहे की मत न देणारा आणि वेगळे देणारा, दोघेही दिसतात.

साहित्याने या दिवसाचे काय केले? मराठी ग्रामीण कथेत निवडणूक पुष्कळ आहे, पण ती बहुधा विनोदाची सामग्री म्हणून. इरसाल पाटील, घाबरट मास्तर, दारू पिऊन दोन्हीकडचे पैसे घेणारा गडी. वाचक हसतो आणि सुटतो. श्रीलाल शुक्ल यांच्या १९६८ च्या ‘राग दरबारी’त गावची निवडणूक जिंकण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा वर्णन केल्या आहेत, त्यांचा उपरोध धारदार आहे, पण तो वरून खाली पाहणारा आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’ या चित्रपटात साखरसम्राटाची सत्ता आहे आणि नाहीसा झालेला मारुती कांबळे आहे. त्या कलाकृतीचे मोठेपण मी नाकारत नाही. पण त्यात दलित माणूस येतो तो गैरहजेरीच्या रूपाने. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून १९७९ मध्ये आलेल्या ‘सिंहासन’मध्ये सत्ता मुंबईत घडते आणि मतदार पडद्यामागे राहतो. प्रस्थापित साहित्याकडून याहून वेगळी अपेक्षा करणे फोल आहे.

आपल्याकडे ‘बलुतं’, ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’ यांनी भूक, शाळा, विटाळ, भटकंती यांचे असे चित्रण केले की मराठी वाचकाला मान खाली घालावी लागली. मात्र मतदान केंद्राच्या दारात चिठ्ठी धरून उभी असलेली, आत जाईपर्यंत मालकाची आणि पडद्यामागे अर्धे मिनिट स्वतःची असलेली बाई आपल्या कथेच्या मध्यभागी आलेली मला तरी फारशी आढळली नाही. बाबुराव बागुलांनी माणूस हा दलित साहित्याचा केंद्रबिंदू मानला. घटनेने व्यक्ती हा घटक मानला. या दोन गोष्टी जिथे प्रत्यक्ष भेटतात ते अर्धे मिनिट आपल्या लेखकांनी मोकळे सोडावे, याचे मला नवल वाटते. कदाचित निवडणूक हा पुढाऱ्यांचा विषय आणि साहित्य हा दुःखाचा विषय, अशी वाटणी आपण करून टाकली असावी.

आपल्या चळवळीला मतदानाच्या हिशेबाचे ज्ञान नव्हते असे नाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले, तेव्हा सत्तर हजारांहून अधिक मते वाया गेली होती आणि त्याविरुद्ध त्यांनी व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला होता. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव झाला, तो याच आमच्या विदर्भात. आपले दुसरे मत वाया घालवा, असे अनुयायांना सांगण्यास त्यांनी नकार दिला होता, ही आठवण जुनी माणसे सांगतात. पुणे कराराने मध्यप्रांताच्या वाट्याला वीस राखीव जागा आल्या होत्या. पण संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरचा आपला प्रतिनिधी कोण, हे आपल्या मतांपेक्षा सवर्णांच्या भरघोस मतदानावर ठरते, हे बाबासाहेबांनी अनुभवातून सांगितले. आज वर्धा जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा खुल्या आहेत, त्यामुळे इथे हा प्रश्न डोळ्यांपुढे येत नाही. शेजारच्या जिल्ह्यांत तो दर पाच वर्षांनी येतो.

आणि न देण्याचाही इतिहास आहे. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. त्याची किंमत वरळीच्या दंगलीत मोजावी लागली. भागवत जाधव यांचा बळी गेला. त्या बहिष्काराचे बरेवाईट मूल्यमापन होत राहील. एक गोष्ट त्यातून दिसली, ती अशी की मते न पडल्याने इतका संताप होतो, कारण ती गृहीत धरलेली असतात. सातच्या रांगेचे कौतुक करणाऱ्यांनी हा संतापही लक्षात ठेवावा.

एवढे लिहिल्यावर आपल्या विहारात यावे लागते. मतदानाच्या आदल्या रात्री विहारात बैठक होते आणि ‘समाजाने ठरवले’ असा निरोप घरोघर जातो. ही बैठक आवश्यक असते. अल्पसंख्य वस्तीला एकत्र राहिल्याशिवाय गावात कोणी विचारत नाही, आणि जो एकटा पडतो त्याला गाव गाठते. तरीही विचारले पाहिजे की बैठकीला कोण होते? बाया भिंतीला टेकून ऐकत होत्या की बोलत होत्या? पुणे-बुटीबोरीहून मतदानासाठी आलेल्या पोराने वेगळे मत मांडले तर त्याला उत्तर मिळाले की ‘गद्दार’ म्हणून गप्प केले गेले? उमेदवाराशी बोलणे कोणी केले आणि त्यात विहाराची संरक्षक भिंत तेवढी मिळाली की कोणाच्या पोराची नोकरीही? ठराव करणारा समाज आणि एकमत मागणारे गाव यांत फरक आहे. पण तो फरक आपोआप राहत नाही. जिथे विरोधी मत बोलून दाखवता येते, तिथेच तो राहतो.

निकालाच्या आठवड्यात आमच्याकडे मोबाइलवर नमुना २० फिरू लागतो. गावठाणात माणसे तो उघडून मोहल्ल्याची मते मोजतात. मोहल्ल्यातही तो उघडला जातो, ठरलेल्या उमेदवाराला आपल्या घरांच्या हिशेबाने किती पडायला हवी होती आणि किती पडली, ते पाहिले जाते. बेरीज सात-आठ मतांनी कमी भरते. मग ती सात-आठ मते कोणाची, याचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा बायांच्या घरांपाशी जाऊन थांबतो.